कळ

ज्या पोशाखात समुद्राचा एक थेंब शिरू नये
त्याच्या मांडीला मी भोक पाडते.
हा माझा धंदा.

उत्तर नॉर्वेतलं बेट. फेब्रुवारी.
सकाळचे दहा वाजलेत, दिवा अजून चालू.
तोर्गाइर दारात उभा, खांद्यावर कोरडा पोशाख
सोललेल्या सीलसारखा लोंबतोय.
तीस मीटर खाली जाऊन हाताने शिंपले वेचतो हा.
काल संध्याकाळपासून पाण्याचा घोट नाही म्हणतो,
कॉफीसुद्धा नाही.
कोपर अजून ठणकतंय.
गेल्या महिन्यात बर्गनला
दाबाच्या टाकीत सहा तास काढून आला.
पाणी प्यायलं नाही की रक्त दाटतं,
बुडबुड्यांना आयतंच फावतं.
हे डॉक्टरनं सांगितलं त्याला. मी फक्त विचारलं,
मग पीत का नाहीस?
तो बुटांकडे बघत राहिला.

गार पाण्यात उतरलं की
हातापायांतलं रक्त आत धावतं,
मूत्रपिंडांना वाटतं, पूर आला.
ती दारं उघडून मोकळी.
त्यांना काय माहीत, वर होडी आहे
आणि मधे एक माणूस
खांद्यापासून खांद्यापर्यंत चेन ओढून बंद केलेला.

माप सांग, म्हटलं.
मोठं, तो म्हणाला.
इथं सगळे मोठंच सांगतात.
मोठं निसटतं, विसाव्या मिनिटाला.
क्षणभर ऊब वाटते, आणि मग सगळा वेळ गारठा.
मी खणातून मधलं काढते,
पाकिटावरच्या आकड्यावर किमतीची चिठ्ठी चिकटवते
आणि देते.

बायकांचं वेगळं. लहानशी रबरी वाटी, गोंद,
आरशापुढे अर्धा तास.
सुन्निवाला चार खेपा लागल्या.
तिसऱ्या खेपेला ती होडीतच हसत सुटली,
कप्तानाला वाटलं, वायूची नशा.

उतरण्याआधी थोडं सोड, मी तोर्गाइरला सांगते,
नळीत हवा राहता कामा नये.
राहिली तर खाली ती आक्रसते
आणि जिथं चिकटलीय तिथंच चिमटा काढते.
कळ आधी फिरव. आधी.
आणि घरी गेलास की नळीतून व्हिनेगर.

इतकं सोपं.
अवघड ते पुढचं.
आईनं तीन वर्षं खपून शिकवलेलं असतं, जरा कळ काढ.
चर्चमध्ये कळ काढ,
शाळेच्या बसमध्ये,
मामाचं भाषण संपेपर्यंत.
आता वीस मीटरवर, काळ्या पाण्यात,
मांडीवरची कळ फिरवायची
आणि सोडायचं.
अंग ऐकत नाही.
अंगाला वाटतं, अंथरूण ओलं होईल,
कुणीतरी दिवा लावेल.
मी सांगते, खाली बघू नकोस. शिंपले मोजू नकोस.
श्वास सोड, लांब. तो संपत आला की
बाकीचं आपोआप येतं.

माझे वडील हालवार तांब्याच्या टोपातले पाणबुडे.
त्यांच्या पोशाखाला भोक नव्हतं.
आत लोकर होती, लोकर सगळं पोटात घालायची.
आई ती न बोलता धुवायची,
शेजाऱ्यांना दिसणार नाही अशा दोरीवर वाळत घालायची.

आता ते टेकडीवरच्या वृद्धाश्रमात.
नर्सला हाक मारत नाहीत. कळ काढतात,
चादर मुठीत धरून.
परवा मी कानाशी वाकले, म्हटलं, सोडा, बाबा.
त्यांनी विचारलं, कितीवर आहोत?
वीस मीटर, म्हटलं.
मग बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत.
मूठ सुटली.

तोर्गाइर शनिवारी आला, कोपर हलवत,
बादलीभर शिंपले ठेवून गेला.
हिशेब काही बोलला नाही.
जाताना नळाशी थांबला,
ओंजळ धरली, प्यायला,
परत धरली.